आपल्या गावाची लोकसंख्या आणि येण्याजाण्याची माहिती नीट कशी जमवायची

कुठल्याही लहान गावाचं नाव नेटवर शोधलं की तेच चार ओळींचं समोर येतं, अमुक तालुक्यात आहे, लोकसंख्या इतकी, क्षेत्रफळ इतकं, जवळचं रेल्वे स्टेशन तमुक, संपलं. शेवटची एसटी किती वाजता, पावसात रस्ता चालू राहतो का, कुठल्या वाडीत किती घरं, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी दारापर्यंत येते का, यातलं काही नसतं. गावाबद्दल ज्याला खरंच काही करायचंय, मग तो ग्रामपंचायत सदस्य असो, शाळेतले गुरुजी असोत किंवा मुंबई-पुण्यात राहून गावच्या मंडळाचं काम बघणारा कुणी असो, त्याला ही माहिती लागतेच, आणि ती जमवता येते. दोनेक आठवडे लागतील, सगळ्यात जास्त वेळ जाईल तो लोकांशी बोलण्यात.

उदाहरणं मी बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यातही मंडणगड तालुक्यातली देतोय, पण पद्धत कुठल्याही गावाला चालेल.

सगळ्यात आधी गाव पक्कं करा. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत, वडगाव, पिंपळगाव, शिवणे, आणि त्यात खुर्द-बुद्रुक वेगळे. आता वेळास घ्या, कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं, नाना फडणवीसांचं गाव, ते मंडणगड तालुक्यात रत्नागिरी जिल्ह्यात. पण सावित्रीच्या खाडीच्या पलीकडे श्रीवर्धन तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात दिवेआगरच्या बाजूला अजून एक वेळास आहे. नुसत्या नावावर आकडा उचलला तर दुसऱ्याच गावाची लोकसंख्या आपल्या फलकावर लागू शकते. म्हणून जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, २०११ मधे प्रत्येक गावाला असा कोड दिलेला आहे. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावाला अजून एक कोड असतो, तो वेगळा, दोन्ही लिहा आणि कुठला कशाचा तेही बाजूला लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे महसुली गाव, ग्रामपंचायत आणि वाडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जनगणना मोजते ते महसुली गाव. ग्रामपंचायत गट असेल तर तिच्यात दोन-तीन महसुली गावं येतात, आणि एका महसुली गावात पाच-सहा वाड्या असतात, तिकडे विदर्भ-मराठवाड्यात तांडे, पालघर-नाशिककडे पाडे. सरपंच सांगतात तो आकडा बहुतेक वेळा अख्ख्या ग्रामपंचायतीचा असतो. यादीत काही गावं शून्य लोकसंख्येची पण दिसतील, ती बेचिराख गावं, जमीन आहे, सातबारा आहे पण वस्ती नाही, त्यामुळे शून्य दिसला म्हणजे चूकच झाली असं समजू नका.

आता लोकसंख्येचा आकडा कुठून घ्यायचा. जनगणना कार्यालयाच्या साईटवर जिल्हा जनगणना पुस्तिका पीडीएफमधे मिळते, २०११ ची दोन भागांत आहे. एका भागात गावनिहाय सोयीसुविधा, दुसऱ्यात गावनिहाय माणसांचे आकडे: घरं म्हणजे कुटुंबं किती, एकूण लोक, पुरुष, स्त्रिया, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर, आणि काम करणारे, त्यात शेतकरी वेगळे, शेतमजूर वेगळे. फाईल मोठी असते, मोबाईलवर उघडायला त्रास होतो, सायबर कॅफेत किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडून आपल्या तालुक्याची पानं तेवढी प्रिंट काढा.

हा आकडा १ मार्च २०११ चा आहे हे विसरू नका. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही, २०२१ ची पुढे ढकलली गेली. त्यामुळे कुठल्या साईटवर तुमच्या गावाची "२०२४ ची लोकसंख्या" अगदी एकक स्थानापर्यंत दिली असेल तर ती कुणीतरी २०११ च्या आकड्याला वाढीचा दर लावून काढलेली आहे, कोणी येऊन मोजलेलं नाही. आणि तो दर कोकणात तर उलटा पडतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधे १६,९६,७७७ होती ती २०११ मधे १६,१५,०६९ झाली, म्हणजे कमी झाली, सिंधुदुर्गची पण कमी झाली, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. तिथल्या एखाद्या गावाला राज्याचा वाढीचा दर लावून आकडा फुगवला तर तो खोटाच.

का कमी झाली ते पण आकड्यातच दिसतं. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या २०११ मधे, राज्यात ९२९. पुरुष मुंबईला, बाई गावात सासू-सासऱ्यांजवळ, हे पिढ्यानपिढ्या चाललंय. तुमच्या गावाचं हे प्रमाण नक्की काढा, स्त्रियांची संख्या भागिले पुरुषांची गुणिले हजार. ते हजाराच्या बरंच वर असेल तर एसटीने जाणारं माणूस कोण आहे हे पण कळतं, बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जाणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं, ज्यांच्याकडे बाईक नाही. गाडीची वेळ त्यांच्या सोयीची हवी, हे पुढे आगारात बोलताना कामाला येतं.

साक्षरता काढताना खूप जण चुकतात म्हणून जरा सविस्तर. ० ते ६ वयाची मुलं वजा करायची असतात. समजा गावात ६४० लोक, त्यात ६ वर्षांपर्यंतची ५८ मुलं, साक्षर ४७०. मग ६४० वजा ५८ म्हणजे ५८२, आणि ४७० भागिले ५८२, जवळपास ८१ टक्के. सरळ ६४० ने भागलं तर ७३ येतात, आणि गाव उगाच मागे दिसतं. घनता हवी असेल तर पुस्तिकेत क्षेत्रफळ हेक्टरमधे असतं, १०० हेक्टरचा एक चौरस किलोमीटर.

२०११ चा आकडा पाया म्हणून घ्यायचा आणि आजची परिस्थिती गावातूनच घ्यायची. अंगणवाडी सेविकेकडे कुटुंबांचा सर्व्हे असतो, आशाताईंकडे असतो, आणि माझ्या मते गावात आज कोण राहतंय हे त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहिती नसतं कारण त्या खरंच दारोदार फिरतात. ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी, त्यातून घरं कळतात. जन्ममृत्यूची नोंद पण तिथेच. मतदार यादी आहे, रेशनचा आकडा आहे. हे सगळे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत आणि जुळवायचा प्रयत्न पण करू नका. घरपट्टीला बंद घरं पण मोजली जातात, मतदार यादीत मुंबईला राहणारे पण असतात, रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेली मुलगी राहून गेलेली असते. प्रत्येक आकडा कशाचा ते लिहायचं, तारीख लिहायची, बस. मी तर तीन रकाने सुचवीन: बारमाही राहणारे, वर्षातून काही महिने राहणारे, आणि फक्त गणपती-शिमग्याला येणारे. कोकणात तिसरा रकाना सगळ्यात मोठा निघू शकतो आणि चतुर्थीच्या आठवड्यात पाणी, रस्ता, पार्किंग सगळं त्यावरच ठरतं. देशावर, म्हणजे बीड, अहिल्यानगरकडच्या दुष्काळी पट्ट्यात, वेगळा प्रश्न आहे, जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते आणि तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू असतो, मोजणीच्या काळात माणसाचा मुक्काम जिथे तिथे त्याची नोंद होते, तेव्हा अशा गावाचा आकडा वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता वाडीनिहाय यादी, आणि यावर खरंच मेहनत घ्या कारण रस्त्याचं सगळं इथेच अडतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिच्यात रस्ता मिळण्याचा निकष महसुली गावाचा नाही, वस्तीचा आहे. सपाट भागात ५०० लोकसंख्या, डोंगरी, आदिवासी भागात २५०. चौथा टप्पा २०२४ मधे मंजूर झाला त्यात २०११ ची लोकसंख्या धरलीये. जवळजवळच्या वस्त्या, साधारण ५०० मीटरच्या आतल्या, एकत्र धरता येतात. म्हणजे तुमची वरची वाडी १८० ची आणि तिच्याजवळची धनगरवाडी ९० ची असेल तर एकेकटी कुठेच बसत नाही पण दोन्ही मिळून २७० होतात, डोंगरी निकषात बसू शकतात. हे कुणी कागदावर मांडलं नाही तर कुणाच्या लक्षात येणार? म्हणून वाडीचं नाव, घरं, माणसं, शाळेत जाणारी मुलं, साठीच्या वरचे, आणि पक्क्या रस्त्यापासून अंतर, एवढं प्रत्येक वाडीचं लिहा. अंतर बाईकच्या मीटरवर मोजा, जिथे बाईक जात नाही तिथे चालत, मोबाईलवर मोजून. 

रस्ता कुठल्या वर्गातला आहे ते शोधा, कारण खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची ते त्यावर ठरतं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा). राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. दगडावरून पण कळतं, पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय, हिरव्या डोक्याचा राज्य, केशरी म्हणजे ग्रामसडक योजनेतला. रस्त्याचा नंबर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारला की मिळतो. नंबर घालून अर्ज केला तर "हा आमच्याकडे येत नाही" म्हणून परत यायची शक्यता कमी.

जनगणना पुस्तिकेच्या सुविधांच्या भागात पण वाहतुकीचे रकाने आहेत, बस आहे का, रेल्वे आहे का, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडी-फेरी, डांबरी रस्ता, बारमाही रस्ता, पायवाट. सोय गावात नसेल तर तिथे a, b, c अशी इंग्रजी अक्षरं असतात, पहिलं म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, दुसरं ५ ते १०, तिसरं १० च्या पुढे. हे वाचता आलं की २०११ मधे गाव कुठे होतं ते समजतं. पण यावर आजचं काही लिहू नका, कारण मधे कोरोना झाला, २०२१-२२ चा एसटीचा संप झाला आणि काही गावांच्या बंद पडलेल्या फेऱ्या नंतर सुरू झाल्याच नाहीत.

एसटीची माहिती घ्यायला स्थानकावर जा, फोनवर नीट मिळत नाही. वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढा, पण त्यावर विसंबू नका, वाहतूक नियंत्रकांना विचारा आणि मग त्या गाडीच्या कंडक्टरला विचारा. काय विचारायचं: गावाला दिवसातून किती फेऱ्या, पहिली आणि शेवटची किती वाजता, कुठल्या मार्गे, गावात आत येते का फाट्यावर सोडते, मुक्कामी आहे का, रविवारी येते का, शाळेला सुट्टी लागली की बंद होते का, पावसात कुठपर्यंत येते. हे शेवटचे तीन प्रश्न फार महत्त्वाचे, कारण कागदावर असलेली गाडी मे महिन्यात आणि जुलैत प्रत्यक्ष नसते आणि बाहेरून येणारा माणूस फाट्यावर अडकतो. तिकीट लिहिताना पूर्ण किती ते लिहा, बायकांना अर्ध आहे १७ मार्च २०२३ पासून, आणि ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून मोफत, ते पण लिहा, कारण बऱ्याच आजी-आजोबांना अजून सांगावं लागतं की आधार कार्ड सोबत ठेवा.

एसटीशिवाय जे चालतं ते तर कुठेच लिहिलेलं नसतं. सातारा-कोल्हापूरकडे वडाप, विदर्भात काळी-पिवळी, कोकणात मिनीडोर, सहा आसनी. ती कुठून सुटते, भरली की सुटते का वेळेवर, सीटचे किती घेतात, संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळते, आठवडी बाजाराच्या दिवशी जास्त असतात का. ड्रायव्हरांचे नंबर त्यांना विचारूनच लिहा आणि बाहेर टाकू नका, गावच्या ग्रुपवर ठेवा.

रेल्वेचं "जवळचं स्टेशन" हे नकाशावर सरळ रेषेत काढू नका. मंडणगड, दापोली, गुहागर या तीन तालुक्यांत रेल्वे स्टेशनच नाहीये. मंडणगडला जवळचं म्हणून खेड लिहिलेलं असतं, पण मुंबईहून येणारा माणूस माणगावला उतरून लोणेरे, आंबेत, म्हाप्रळ असा मंडणगडला येऊ शकतो, कारण मुंबई-गोवा महामार्गावरून गाडीचा रस्ता पण तसाच आहे. तेव्हा स्टेशनपासून अंतर किती यापेक्षा उतरल्यावर पुढे गाडी मिळते का, आणि आपल्या ट्रेनच्या वेळेला मिळते का, हे लिहा. पहाटे उतरणाऱ्याला पहिली एसटी किती वाजता हा एकच आकडा त्या किलोमीटरपेक्षा उपयोगी आहे.

आणि पाणी विसरू नका. हरिहरेश्वरहून वेळासला नकाशावर बघाल तर मधे फक्त सावित्रीची खाडी दिसते. बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जाता येतं, पण फेरी चुकली किंवा समुद्र खवळला म्हणून बंद असली तर आंबेतच्या पुलावरून अख्खी खाडी फिरून यावं लागतं. अशा गावाची दोन अंतरं असतात, फेरीने आणि रस्त्याने, दोन्ही द्या, आणि फेरीची शेवटची वेळ द्या. नदीकाठच्या गावांचं पण तेच, फरशी पुलावरून पाणी गेलं की गाव तुटतं, त्या दिवसांत दुसरा रस्ता कुठला आणि तो किती लांबचा ते लिहून ठेवा. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा अरुंद पूल, असेल तर त्यावरून बाईक जाते का फक्त माणूस, ते पण.

यातला सगळ्यात गंभीर भाग ॲम्ब्युलन्सचा. १०८ ला फोन केला की गाडी तालुक्याहून किंवा जवळच्या केंद्रावरून निघते आणि ड्रायव्हरला वाडी सापडत नाही. प्रत्येक वाडीसाठी एक ओळ तयार ठेवा जी घाबरलेला माणूस पण वाचून दाखवू शकेल: कुठल्या रस्त्यावर, कुठल्या फाट्यावरून आत, शाळा किंवा देऊळ कुठल्या हाताला, गाडी कुठपर्यंत येते. जिथे गाडी पोचत नाही आणि पेशंटला डोलीतून खाली आणावं लागतं ती वाडी आणि ते अंतर ठळक लिहा, रस्त्याच्या अर्जात हेच पहिलं वाक्य असायला हवं. गुगल मॅपवर गावाची खूण बऱ्याचदा शिवाराच्या मधोमध, रानात पडलेली असते, त्यामुळे बस थांबा, शाळा, उपकेंद्र आणि प्रत्येक वाडी यांच्या वेगळ्या खुणा टाकून घ्या, मॅपवर कुणीही सुचवू शकतं.

माहिती जमली की ती वापरा. बंद झालेली फेरी परत हवी असेल तर आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज, सोबत ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला असतात, त्याआधी विषय द्या. एसटी फेरी बंद करते ती भारमान, म्हणजे गाडीतल्या किती सीट भरतात ते, कमी म्हणून, तेव्हा अर्जात भावनेपेक्षा भारमान दाखवा: कुठल्या वाडीतून किती मुलं कुठल्या शाळेत कुठल्या वेळेला जातात, बाजाराच्या दिवशी किती, वाटेतली दोन गावं धरून किती. शेजारच्या गावांना सोबत घेतलं तर जास्त बरं, एका गावासाठी गाडी सोडणं आगाराला अवघड, तीन गावांच्या मार्गावर सोपं. मुक्कामी गाडी मागत असाल तर ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली, पाणी, संडास याची सोय आम्ही करतो हे ठरावातच लिहा आणि ती खोली खरंच नीट ठेवा, दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला नीट झोप मिळायला हवी. गाडी वळायला जागा आहे का तेही आधी बघा. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं, त्यात गेल्या अमुक वर्षांत या मार्गावर किती फेऱ्या होत्या, किती रद्द झाल्या आणि भारमान किती, एवढंच नेमकं विचारा.

वर्षातून दोनदा माहिती तपासा, एकदा जूनमधे शाळा सुरू होताना, एकदा दिवाळीनंतर. प्रत्येक ओळीपुढे कुठल्या महिन्यातली ते लिहा. ही जबाबदारी गावातल्याच एखाद्या कॉलेजच्या पोरीला किंवा पोराला द्या, नावानिशी.

आणि पुढची जनगणना. तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, त्याआधी २०२६ मधे घरयादीचं काम. प्रगणक, म्हणजे मोजणीला येणारे, नजरी नकाशा, म्हणजे हाताने काढलेला अंदाजे नकाशा, काढतात, त्यात आपली प्रत्येक वाडी, रानातली चार घरं, खाणीवरची वस्ती आली का हे त्यांच्यासोबत फिरून बघा, तुमची वाडीनिहाय यादी त्यांना दाखवा. जी वस्ती त्यात सुटेल ती पुढची कितीतरी वर्षं रस्त्याच्या कुठल्याच यादीत दिसणार नाही.